रूथअक्कांनंतर मी साक्ष द्यायला उठलेच नाही

जय ख्रिस्त, मंडळी. आज कोरमंगलातल्या आपल्या मराठी उपासनेत मला देवाने माझ्या आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यायची होती. मी दिली नाही. कारण सांगते.

माझ्या आधी बेळगावच्या रूथअक्का बोलल्या. अपघात, व्हेंटिलेटर, डॉक्टरांनी सोडलेली आशा, मंडळीची प्रार्थना, आणि मग त्या स्वतःच्या पायांनी चालत घरी आल्या. सगळे रडत होते. मला हेवा वाटत होता, अगदी त्यांच्या अपघाताचासुद्धा. माझ्याकडे काय आहे? ख्रिस्ती घरात जन्म, संडे स्कूल, इंजिनिअरिंग, नोकरी. पाळकांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं.

चहाच्या वेळी अक्कांनी मला गाठलं.

"काय गं, पळालीस होय?"

"तुमच्यानंतर माझं कोण ऐकणार?"

"मी की! बरी झाल्यापासून मला प्रार्थनाच होईना बघ. हॉस्पिटलात देव जवळ वाटायचा. आता नुसती भांडी, भाजी, ऑफिस. तू रोज कशी करतेस?"

मी खरं ते सांगितलं. ऑफिसच्या बसमध्ये करते. बहुतेकदा काहीच जाणवत नाही. तरी करते, कारण तो ऐकतो यावर माझा विश्वास आहे.

"मग हे माईकवर सांगायला काय झालं होतं?" अक्का चिडल्याच.

माझा हेवा अजून गेलेला नाही. पण ज्यांच्या आयुष्यात चमत्कार झालेला नाही, त्यांनी खाली लिहा: काहीच घडत नाही अशा दिवशी तुम्ही प्रार्थना कशी करता? हे मी अक्कांना विचारूनच लिहिते आहे. त्या उत्तरं वाचणार आहेत.