प्रेसच्या बटणातली पाचर

वाळूजच्या एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर काम करणारी माणसं टपरीवर जमली की किस्से सुरू होतात. ऐकणारा म्हणतो, "लई मजा दिसती राव तुमच्याकडं!" मजा कसली डोंबलाची! भीती वाटते म्हणून बोलतो. गप्प बसलं की मशिनीचा आवाज कानात सुरू होतो.

*

आमचा भानुदास वैजापूरकडचा. बाप, आजा मेंढरांमागं हिंडले, कारखान्यात शिरलेला घरातला हा पहिला. पोरगी बघायला मलाही घेऊन गेला. पोहे झाले. मी म्हटलं, "मामा, पगाराचं विचारा की."

मुलीचे वडील म्हणाले, "पगार राहू द्या. प्रेसवर हायेत ना? आधी दोन्ही हात दावा!"

बैल घेताना दात बघतात तसे त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. मग सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर, तोवर हात जपायचे.

*

पण जपायचे कसे? आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरची डाय, म्हणजे पत्रा कापणारा लोखंडी साचा, खाली येते, म्हणजे हात आत राहायलाच नको. पण तसं केलं तर टार्गेट होत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचं टार्गेट चुकलं की दुसऱ्या दिवशी वॉचमन गेटातून आत सोडत नाही. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला आत.

एकदा पुण्याहून ऑडिटवाला आला. सगळ्यांच्या पाचरी खिशात! "एक्सलंट सेफ्टी!" म्हणत त्यानं फोटो काढले. त्याची गाडी गेटबाहेर पडली न पडली तोच सुपरवायझर शिंदे ओरडले, "झालं नाटक! लावा पाचरी!"

*

बजाजनगरला आम्ही दोघं एका खोलीत राहतो. सुट्टीच्या दुपारी भानुदास झोपला की झोपेत हात झटकन मागं ओढतो. परवा तो हात माझ्या थोबाडावरच बसला! मी म्हटलं, "अरे भान्या, प्रेस बंद हाय, झोप!"

डोळे न उघडता म्हणतो, "बघून ये."

मी हसलो. पण मग मलाही झोप लागेना.

*

शेवटी त्यानं धीर करून शिंदेंना विचारलं, "साहेब, लग्न होईस्तोवर पाचर नाय लावली तर चालंल का?"

शिंदेंचा डावा हात कायम खिशात. तो त्यांनी बाहेर काढला. दोन बोटं अर्धीच! "मी मेलो का? लाव गपचूप!"

भानुदासनं लावली. त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडलाच नाही.

*

गेल्या आठवड्यात, सकाळच्या पाळीला, प्रेस नेहमीसारखी धाडकन खाली आली आणि भानुदास ओरडला. आम्ही धावलो. तो खाली बसलेला, उजवा हात डाव्या काखेत गच्च दाबलेला, शर्ट लाल होत चाललेला. शिंदेंनी स्वतःच्या गाडीत घातलं. रस्ताभर मी म्हणत होतो, "बघू दे रे, बघू दे." तो नाही-नाही अशी मान हलवायचा.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हात बाहेर काढा."

"नगं साहेब," भानुदास म्हणाला. "काखंत हाय तवर पाची बोटं हायेत!"