डागबाईचं गाठोडं

पहाटे चारला तिचे डोळे उघडायचे. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या पहिल्या पाळीची ती सवय होती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. उठल्यावर आधी नवऱ्याच्या नाकातली नळी जागेवर आहे का बघायचं, मग प्राणवायूच्या यंत्राच्या बाटलीतलं पाणी बदलायचं, मग चहा. कप रिकामा झाला की ओट्यापाशी स्टूल ओढून ती मोबाईलवर लिहायला बसायची. नवरा उजाडल्यावर जागा होई. तोवरचा वेळ तिचा.

धुलाईखान्यात तिला डागबाई म्हणत. पुढे घरीही तेच नाव चिकटलं. तिथे गाठोडी सुटली की रक्ताच्या, औषधाच्या, गंजाच्या चादरी वेगळ्या काढून तिच्या टेबलावर टाकत. ते टेबल कोणालाच नको असे. वास असतो, हात सोलवटतात, आणि साहेबाला दिसतो तो राहिलेला डाग, गेलेला नाही. तिने उमेदीची सगळी वर्षं त्याच टेबलाशी काढली. नव्या बाईला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगे, "रक्तावर गरम पाणी ओतू नकोस. जन्मभराचा बसतो. आधी बघ, मग हात लाव. धावून मदत करणारेच डाग पक्का करतात."

नवरा तिथेच बॉयलरवर होता. पुढे बॉयलर गॅसवर आला. कोळसा आवारातून गेला, त्याच्या छातीतून गेला नाही. आता खाटेपासून दारापर्यंत आला तरी धाप लागे. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागे. त्यातही कूस बदलताना नळी निसटली की तो घाबरायचा, हात थरथरायचे, नळी परत नाकात जायची नाही. अशाच एका दुपारी ती पाळी संपवून घरी आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं.

यंत्र भाड्याचं होतं. भाडं नोकरी सोडताना मिळालेल्या फंडाच्या पैशातून जात होतं, आणि फंड म्हणजे काही विहीर नव्हे, की उपसली तरी झरे भरतील. घरी बसून कमवायचं, नाहीतर त्याला टाकून परत टेबलाशी उभं राहायचं. तिसरी वाट नव्हती.

घरी बसून कमवायची वाट दाखवली भाचीने, म्हणजे नणंदेच्या मुलीने. ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती.

"मामी, तू ब्लॉग लिही."

"ते काय असतं?"

"आपलं स्वतःचं पान. तू डागांबद्दल लिहायचं. लोक शोधत येतात, वाचतात. कंपनी पानावर जाहिराती लावते, त्याचे पैसे तुला."

खाटेवरून मामा म्हणाला, "हिच्या हाताखालच्या बाया हिचं फुकट ऐकत नव्हत्या. पैसे देऊन कोण ऐकणार?"

"मामा, वाचणारा पैसे देत नाही. जाहिरातवाला देतो."

"म्हणजे भाजी मी घ्यायची आणि पैसे शेजाऱ्याने द्यायचे. धंदा बरा आहे." एवढं बोलून तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. हसणंही त्याला महाग पडे.

पहिला लेख तिने लिहिला, 'डागांचे स्वभाव'. लिहायला आठवडा गेला. वाचक तीन. भाची, नणंद आणि भाचीच्या दुकानाचा मालक. त्यातही नणंदेने अर्धाच वाचला.

भाची म्हणाली, "मामी, लेख चांगला आहे. पण 'डागांचे स्वभाव' असं शोधतं कोण? माणूस शर्ट हातात घेऊन उभा असतो. तो विचारतो, पांढऱ्या शर्टावरचा गंज कसा काढायचा. तोच मथळा दे."

हे तिला पटलं. त्या दिवसापासून मथळा वाचणाऱ्याच्या तोंडचा. सतरंजीवरचा चहा. दप्तरावरची शाई. गादीवरचं रक्त. ती जुन्या चादरीचे चौकोन कापायची, त्यांवर मुद्दाम डाग पाडायची, वाळवायची, धुवायची, आणि खिडकीतल्या उजेडात धरून आधीचा नि नंतरचा फोटो काढायची. एकदा जमलं तर पुन्हा करून बघायची. दुसऱ्यांदाही गेला तरच लिहायची. घरभर दोऱ्यांवर डागांचे चौकोन लटकत.

"बाकीचे रोज तीन-तीन लेख टाकतात गं," भाची वैतागून म्हणाली. "इकडून चार ओळी, तिकडून चार ओळी."

"मी केलं नाही ते मी कसं लिहू?"

"वाचणाऱ्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार. त्याच्या शर्टाला कळेल."

वाचक वाढले, पण मुंगीच्या पावलांनी. एका वसतिगृहाच्या धोबिणीने प्रश्न विचारला. एका बाळंतिणीने आभार मानले. डागबाई प्रत्येकाला उत्तर लिहायची, एका लेखातून दुसऱ्या लेखाची वाट दाखवायची. भाचीनेच शिकवलं होतं, एका डागावर आलेला माणूस दुसऱ्या डागावर गेला पाहिजे. मामा म्हणे, "तो तसाही जातोच."

मोबाईलवर कमाईचा आकडा दिसायचा. पण ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी छदाम देत नसे. ती रक्कम हाती आली असती तर यंत्राचं पुढचं भाडं निघालं असतं. आकडा मात्र हलता हलत नव्हता, आणि फंड रोज आटत होता.

त्याच सुमाराला घडीवाली भेटायला आली. धुलाईखान्यात वाळलेल्या चादरींच्या घड्या घालणारी, डागबाईची जुनी मैत्रीण. आवाज असा, की पिळणी यंत्रं चालू असतानाही आवाराच्या टोकाला ऐकू जाई. तिने दोऱ्यांवरचे चौकोन पाहिले.

"अगं बया, इथेही डागच? मला वाटलं, सुटलीस."

डागबाईने तिला ब्लॉग दाखवला. घडीवालीने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"आणि ह्यातून पैसे कसे पडतात?"

"ह्या जाहिराती आहेत ना, कोणी बोट लावून उघडली की थोडे पडतात."

"नुसतं बोट लावून? वजन उचलायचं नाही, काही नाही?"

"नाही."

"बरं," घडीवाली म्हणाली. अजून काही विचारलं नाही. जाताना पानाचा पत्ता तेवढा मोबाईलमध्ये घालून घेतला.

आता धुलाईखान्याची एक रीत सांगायला हवी. तिथे एखादीच्या घरी आजारपण आलं, किंवा तिलाच ताप भरला, की तिचं गाठोडं वाटून घेत. गाठोडं सोडायचं आणि प्रत्येकीने दोन-दोन चादरी आपल्या ढिगात ओढायच्या. तिचं काम पुरं होई, हजेरी शाबूत राही. मुकादम तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघे. ह्याचे आभार मानायचे नसतात, बोलायचंही नसतं. नवरा इस्पितळात होता तेव्हा डागबाईचं गाठोडं असंच वाटलं गेलं होतं. त्याआधी कित्येकींचं तिनेही उचललं होतं.

घडीवालीच्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत आकडा हलला. मग पळायला लागला. डागबाईने चष्मा पुसून पाहिला. भाचीला दाखवायला ती दोनदा दुकानात जाऊन आली, पण भाची गावाला गेलेली, आणि तिथे फोन लागत नव्हता. गंजाचा लेख लोकांना आवडला असेल असं डागबाईला वाटलं. नवरा म्हणाला, "बघ. साहेबाला दिसला नाही तो गेलेला डाग आता दिसायला लागला."

तिने कामाचा जोर वाढवला. बोटांच्या चिरा उघडल्या, त्यांवर पट्ट्या बांधून ती लिहू लागली.

त्याच दिवसांत मुकादमाचा निरोप आला. सकाळची अर्धी पाळी रिकामी झाली होती. तेवढा वेळ नणंद भावापाशी बसू शकली असती. फंड संपला तरी भाडं निघालं असतं.

"सांगा त्यांना, नको," ती निरोप्याला म्हणाली. "माझं इथलं काम आता मार्गी लागलंय. ह्यांना सोडून जायची गरज नाही."

नवऱ्याने खाटेवरून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

रक्कम भरत आली आणि कंपनीचं पत्र मोबाईलवर आलं. जाहिरातींवर खोटे क्लिक झाले आहेत. खातं कायमचं बंद. साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत.

भाची तोवर गावाहून आली होती. तिने बसून सगळे आकडे तपासले. तिचा चेहरा उतरला.

"मामी, वाचक वाढलेच नव्हते गं. त्याच त्या जाहिराती तेच लोक उघडत होते. सगळे एकाच जागेवरचे. आणि वेळ बघ. सकाळी दहा, दुपारी तीन. रोज."

डागबाईने वेळ पुन्हा वाचली. धुलाईखान्यात चहाची घंटा दहाला आणि तीनला होते.

"कोण आहे हा?" भाची चिडली. "कोणीतरी दावा साधलाय. नाव कळलं तर कळवता येईल कंपनीला."

"दावा नाही," डागबाई म्हणाली. "दावा धरणारं कोणी नाही तिथे."

भाचीने फेरविचाराचा अर्ज भरला. उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय कायम.

त्याच संध्याकाळी घडीवाली आली. दारातूनच आवाज.

"काय डागबाई! भरलं का गाठोडं?"

"बस," डागबाई म्हणाली.

"बसते कसली, आधी सांग. अगं, सगळ्या जणी बोट लावतात. चहाची घंटा झाली की आधी तुझी जाहिरात, मग चहा. मी नजर ठेवते, एकही चुकवत नाही. ती पिळणीवाली म्हणाली, माझा मोबाईल साधा आहे. म्हटलं, माझ्यावरून लाव! मुकादमसुद्धा लावतो. खिडकीबाहेर बघत लावतो!" ती खदखदा हसली. "आमच्या हातून दुसरं काय होणार? पण तुला असं वाटायला नको, की टेबल सोडलं म्हणून बाया विसरल्या."

भाचीने तोंड उघडलं. डागबाईने तिचा पाय आपल्या पायाखाली दाबला.

"भरलं," डागबाई म्हणाली. "पुरे झालं आता. बायांना सांग, थांबा."

"का गं? अजून लावतो की."

"नको. एका गाठोड्याला मर्यादा असते."

घडीवाली समाधानाने गेली. भाची रडायला लागली. "खोटं का बोललीस? त्यांच्यामुळे सगळं बुडालं!"

"त्यांना कळून माझं खातं उघडणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला? उद्या कोणाचं गाठोडं उचलताना त्यांचे हात अडखळतील."

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो झोपला नव्हता हे तिला पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली. अर्धी पाळी केव्हाच भरली होती. उरली होती पूर्ण पाळी, तीही ठेकेदाराकडची, पगार पूर्वीपेक्षा कमी. तिने अंगठ्याला पट्टी असल्याने सही वाकडीतिकडी केली आणि जुन्या टेबलाशी उभी राहिली. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पैसा आला, यंत्राचं भागलं, आता बाई हौसेने परत आली.

"तुझ्या पानावर जाहिराती दिसत नाहीत गं हल्ली," घडीवालीने एकदा चहाच्या वेळी विचारलं.

"काढल्या. वाचताना मध्ये येतात."

नणंद आपलं घर टाकून दिवसभर भावापाशी बसू लागली. नळी बसवायला ती शिकली, पण घाबरत बसवायची, आणि तिची भीती बघून तो आणखी घाबरायचा. भाडं पगारातून जाऊ लागलं. फंडात खडखडाट होता. डागबाई चारला उठायची, बाटलीतलं पाणी बदलायची आणि पाळीला निघेपर्यंत एखाद्या अनोळखी माणसाला शाईच्या डागाचं उत्तर लिहायची. नवा लेख लिहायला वेळ उरला नव्हता. विचारणारे मात्र वाढत होते. आता खरेच वाढत होते.

"कशाला लिहितेस आता?" नवऱ्याने विचारलं.

"विचारतात."

"फुकट?"

"तुम्हीच म्हणायचात ना, पैसे देऊन कोण ऐकणार."

तो हसला नाही. तिचा पट्टी बांधलेला अंगठा त्याने हातात घेतला. "आज जाऊ नकोस," असं मात्र कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला राहता आलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

तो गेला तो दुपारचा. नणंद शेजारी होती, नळी नाकात होती, यंत्र चालू होतं. कशाचीच चूक नव्हती. डागबाई टेबलाशी होती, कोपरापर्यंत थंड पाण्यात. मुकादम येऊन उभा राहिला आणि ह्या वेळी त्याने खिडकीबाहेर पाहिलं नाही. त्या दिवशीच्या तिच्या चादरी बायांनी वाटून घेतल्या.

यंत्रवाला येऊन यंत्र घेऊन गेला. भिंतीवर यंत्राच्या उंचीचा काळपट चौकोन राहिला. तो तिने पुसला.

पगार झाला तेव्हा विजेचं बिल आलं होतं. रात्रंदिवस चाललेल्या यंत्राचं. नणंद म्हणाली, "वहिनी, अर्ज कर. माणूस गेला म्हणून सांग. काहीतरी कमी करतील."

"वापरली ना वीज?"

"वापरली."

"मग?"

भरणा खिडकीतल्या कारकुनाने बिल पाहिलं, मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दोन खोल्यांचं एवढं? कारखाना चालवता काय घरात?"

"होता," ती म्हणाली. "बंद झाला."

पगाराचं पाकीट तिने उघडलं नव्हतं. तिथेच फोडलं आणि बिल भरलं.