पांढरी सलवार नको

शाळेचा ड्रेस बदलायचं ठरलं, तेव्हा कापड बघायला आम्ही चौघं पांढुर्ण्याहून सौसरला गेलो. एक आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या मॅडम. दुसरी मी, आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी. पालकांकडून दोघं होते. एक कापसाचे जिनिंगवाले गृहस्थ, गाडी त्यांचीच. आणि सरकारी दवाखान्यातली एक नर्स, सावरगावला राहणारी. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. ड्यूटीवरून ती थेट आली होती आणि बोरगाव येईपर्यंत झोपली.

दुकानदारानं गादीवर कापडाचे थान उलगडायला सुरुवात केली. शर्टासाठी जिनिंगवाले सुती कापडावरच अडून बसले.

"आपल्या इकडे कापूस पिकते अन् आपलेच लेकरं पॉलिस्टर घालून राहिले. बरं दिसते का हे?"

"भाऊ, सुतीले रोज इस्त्री लागते," नर्स म्हणाली. "तुमच्या घरी कोण करते?"

"बाई येते नं कामाले."

"मंग माझ्या घरीही पाठवा तिले."

ते हसले. शर्टासाठी मिश्र धाग्याचं कापड ठरलं.

मग सलवारीचं निघालं. मोठ्या मॅडमनी पांढऱ्या थानावर हात ठेवला. "मुलींना सलवार पांढरीच. शिस्तीत दिसते. आमच्या वेळीही तीच होती."

"पांढरी नको," नर्स म्हणाली.

"का?"

"पोरींले पाळी येते, मॅडम."

इंजेक्शन देताना हात पुढे करा म्हणावं, तितक्याच साध्या आवाजात ती बोलली. दुकानदार उलगडलेलं थान पुन्हा गुंडाळायला लागला. जिनिंगवाल्यांनी फोन कानाला लावला आणि ते बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. फोन वाजला नव्हता.

"आपण सगळ्या पांढऱ्यातच शिकलो," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "काय बिघडलं?"

"बिघडत काही नाही. पोरगी तेवढे दिवस घरी राहते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या वर्गातच आहे नं माझी. तुमाले दिसत असन."

मला दिसत होतं. उत्तर विचारलं की काही मुली कधीकधी जागेवरून उठत नाहीत, बसूनच बोलतात. हे मी मॅडमना सांगितलं. लहानपणी मी सौसरच्याच शाळेत होते, तिथे माझीही सलवार पांढरी होती. सुट्टी झाली की वर्ग रिकामा होईपर्यंत मी बाकावर बसून राहायची आणि मग मैत्रीण माझ्या मागून चालायची. कितीतरी वर्षांत मला हे आठवलं नव्हतं. "मीही बसूनच राहायची, मॅडम," एवढंच मी बोलले.

मॅडम दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, "गडद निळ्यात काय आहे?"

त्यानं दोन-तीन थान काढले. मॅडम एकेकाचं टोक दाराशी उजेडात घेऊन गेल्या. पर्समधल्या बाटलीतलं पाणी त्यांनी कापडावर ओतलं आणि बघत राहिल्या. पहिल्यावर ओला डाग लगेच उठून दिसला. दुसऱ्यावर शोधावा लागला.

"हे द्या," त्या म्हणाल्या.

जिनिंगवाले आत आले. "झालं का ठरवून?"

"झालं. निळं."

"चांगलं आहे," ते म्हणाले. कापडाकडे त्यांनी पाहिलं नाही.

परतताना बोरगावच्या पुढे चहाला थांबलो. कप रिकामा झाल्यावर जिनिंगवाले कोणाकडेच न बघता म्हणाले, "आमची आठवीतली दर महिन्याले पोट दुखते म्हणून घरी राहते. मले वाटे, अभ्यासाचा कंटाळा करून राहिली."

"पोटही दुखते, भाऊ," नर्स म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि चहावाल्याकडे गेले.

शाळा सुरू झाली तेव्हा निळ्या सलवारी आल्या. पहिल्या धुण्यात रंग गेला आणि काही आयांनी मला फोन करून सुनावलं. वर्गातल्या सगळ्याच मुली उत्तराला उभ्या राहू लागल्या, असं म्हणता येणार नाही, पण काही उठू लागल्या. रंग मात्र बहुतेकींना आवडला नाही. त्यांना मरून रंग हवा होता. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.