नणंदेचा फोन मी कापला

१६ फेब्रुवारी, रविवार. बेगम बाजारातून आणलेल्या लाल मिरच्यांचे देठ काढत बसले होते. डोक्यात मात्र दुसऱ्या दिवशीची मिटिंग. मी जिथे ॲम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेते ती आमच्या भागाची कंट्रोल रूम बंद करून सगळे फोन शहराबाहेरच्या एका मोठ्या केंद्रात न्यायचे चालले होते. त्याविरुद्ध मी बोलायचे, हे सहकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. शेजारच्या खुर्चीवरची बाई रोज ऐकवायची, "दीदी, यहाँ के लोगां अपन को पहचानते. वहाँ कौन पहचानता?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. तरी मला काय बोलायचे आहे ते ठरत नव्हते.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. बेगम बाजारात राहणारी धाकटी नणंद. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखतेय, अंग घामाने भिजलेय.

"वैनी, तुम्हीच गाडी पाठवा."

फोन ठेव आणि इमर्जन्सीचा नंबर लाव, असे मी तिला सांगितले. ती ऐकेना. कोणीतरी अनोळखी उचलेल, तेलुगूत विचारेल, मला काही सुचणार नाही, हेच धरून बसली. माझा नवरा समोर येऊन उभा राहिला, तूच लाव ना म्हणू लागला. पण मी आमच्या घरून, विद्यानगरातून फोन केला तर कंट्रोल रूमच्या पडद्यावर जागा विद्यानगरचीच दिसणार. रोगी शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय, असे विचारले तर मी काय सांगणार होते?

"तू लाव. आत्ता. मी ठेवते," म्हणाले आणि फोन कापला.

नवरा स्कूटरची किल्ली घेऊन तिच्याकडे निघून गेला.

तिने नंबर लावला की नाही, कळायला मार्ग नव्हता. परत फोन करावा तर तिची लाईन अडायची. मिरच्यांपाशी बसले, उठले, गॅलरीत गेले, परत आले. तिखटाचा हात डोळ्याला लागला, तो धुतला. ड्युटीवर एक फोन ठेवला की दुसरा येतो, विचार करायला वेळ नसतो. घरी नुसता वेळच होता. कंट्रोल रूममधल्या त्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईलाच फोन करून विचारावे, असे मनात आले. पण मीही ओळखीनेच फोन करणार असेन, तर नणंदेचे काय चुकले होते? नाही केला.

बऱ्याच वेळाने नवऱ्याचा फोन आला. हार्ट अटॅकच होता, हॉस्पिटलात वेळेत पोहोचले. नंबर नणंदेनेच लावला होता. उचलणारा तेलुगूत बोलला तेव्हा ती गडबडली. तो दखनीत, म्हणजे आमच्या इथल्या हिंदीत बोलू लागला तेव्हा कुठे तिला सांगता आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. नणंदेने डबा घेतला.

"घरात कंट्रोल रूमची बाई असून माझ्या काय कामाची?"

"पुढच्या वेळीही कापीन," मी म्हणाले. ती तोंड फिरवून बसली.

तिथून मिटिंगला गेले. लोक आपल्याला ओळखतात म्हणूनच इमर्जन्सीचा नंबर न लावता आपल्या मोबाईलवर फोन करतात आणि त्यात वेळ जातो, असे सांगितले. सगळे फोन एका केंद्रात न्यायला माझी हरकत नाही, पण तिथे प्रत्येक पाळीत दखनी आणि मराठी समजणारे माणूस बसेपर्यंत आमची खोली बंद करू नका, असेही सांगितले आणि ड्युटीवर जाऊन बसले.