तुरीसाठी समुद्राचं शेवाळ

लातूर जिल्हा नवा झाला, पण आमच्या गावाला पाणी काही मिळालं नाही. त्या वर्षीच्या दुष्काळात वडिलांनी निलंग्याहून खताचा डबा आणला. समुद्रातल्या शेवाळाचा काळा अर्क, पाण्यात मिसळून तुरीवर फवारायचा. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. मग आम्ही सगळे घमेल्यात उभं राहून बिनसाबणाची आंघोळ करायचो आणि तेच पाणी गाळून वडील फवारणीच्या पंपात भरायचे. आई धुसफुसायची. तूर मात्र थोडी तगली.

बऱ्याच वर्षांनी मी आईला कोकणात नेलं. तिनं पहिल्यांदाच समुद्र पाहिला. मग चिडून म्हणाली, "एवढं पाणी हाय ह्याच्याकडं, अन् आपल्याला नुसतं शेवाळ धाडलं ह्यानं!"