मायचा हात मिटत नव्हता

हल्ली थंडीत माझी बोटं आखडतात आणि सकाळी अंथरुणात मला मायचेच हात दिसतात. मेल्या माणसाचे हात आपल्या मनगटाला लागलेत, असं वाटतं.

मायच्या मुठी मिटायच्या बंद झाल्या तेव्हा मी लग्नाच्या वयाला आले होते. लोकर कातून कातून तिचे सांधे सुजलेले, अंगठ्याचं मूळ तर लिंबाएवढं. सकाळी पळीसुद्धा धरवत नसे. "हे हात माझे न्हाईतच, देवानं कुणाचे लावलेत कुणास ठाऊक," म्हणायची आणि हसायची. मला ते हसणं बिलकुल आवडत नसे.

गावातल्या प्रत्येक बाईकडं औषध होतं. कुणीतरी बिब्बा सांगितला; त्यानं कातडी तेवढी भाजली, दुखणं जागच्या जागी. शेवटी आमचं आम्हालाच कळत गेलं. गार पाण्यात हात घालायचा नाही. निरगुडीचा पाला उकळून शेकायचं. ऊन चढलं की बोटं जरा सैल होतात, म्हणून हाताची कामं दुपारी. दुखणं गेलं नाही, पण त्याच्या वेळा आम्हाला कळल्या.

बा दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वऱ्हाडात जायचा आणि पावसाळ्याआधी परतायचा. त्या साली मेंढरं आली, बरोबरची माणसं आली, बा आला नाही. वळवाच्या पावसानं नदीला लोंढा आल्ता, बा पाण्यात उतरला, मंग दिसला न्हाई, एवढंच ते सांगत.

"मेलेला पाह्यला का कुणी?" मायनं विचारलं. कुणीच पाहिला नव्हता.

बाया येऊन बसू लागल्या. सगळ्यांचं लक्ष मायच्या मनगटांकडं. जुन्या बांगड्या कामात एकेक करून वाढवल्या होत्या, फुटल्या म्हणू नये, आणि सुजल्या हातात नव्या चढत नव्हत्या. एकच उरली होती. तीही एक दिवस आपोआप वाढवली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "देवानंच मोकळं केलं, बाई. आता आपुन काय फोडायचं?" मायनं तिच्याकडं असं पाहिलं, की म्हातारी उठूनच गेली. गेली ते बरं झालं, मेली!

"कासाराला बोलव," माय म्हणाली. "दुपारचं ये म्हणावं."

मी सकाळपासून तिचे हात शेकत बसले. कासारानं त्याच्याकडच्या सगळ्यात मोठ्या बांगड्या काढल्या, हाताला तेल चोळलं. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडकली.

"न्हाई जायची, आक्का. हाड आडवं येऊन राह्यलं."

"दाब."

"लई दुखंल."

"दुखणं काय मला नवं हाय? दाब तू!"

त्यानं दाबली. मूठ आवळता येईना म्हणून मायनं माझा पदर दातांत धरला. कातडी सोलून निघाली, पण दोन्ही हातांत दोन-दोन हिरव्या बांगड्या गेल्या. कासार पैसे न घेताच उठला.

त्यानंतर गावानं तिला हळदी-कुंकवाला बोलावलं नाही आणि तोंडावर विधवाही म्हटलं नाही. तिन्हीसांजेला कुत्रं भुंकलं की ती दाराशी जायची. कधी कधी पाऊस नसताना घरात ओल्या घोंगडीचा वास यायचा, बाच्या घोंगडीचा. मायला सांगायची माझी छाती नव्हती. बा येणार नाही याची मला भीती वाटायची, आणि खरं सांगते, तो येईल याची त्याहून जास्त.

पुढं एका हिवाळ्यात माय तापानं गेली. आंघोळ घालायला बाया जमल्या आणि तिच्या उशाशीच त्यांचं सुरू झालं, बांगड्या ठेवायच्या का काढायच्या? सवाशीण का रांडमुंड? एकीनं तिचा हात कोपरापाशी धरून उचलला. तापानं हाताची नुसती काडी राहिली होती. तो पार सैल पडला होता. बांगड्या आपसूक घसरून गोधडीवर पडल्या, एकही न वाढवता. बाया मागं सरकल्या.

मी त्या उचलल्या. मायचा हात माझ्या हातात घेतला, तो अलगद मिटला. बांगडी अंगठ्यापाशी आली तशी मी सवयीनं थांबले, तिला दुखंल म्हणून. मग चढवली.