तात्यांच्या चपला आखडल्या

वरकुट्यात बातमी फिरत होती की चंद्राबाईंनी सावळारामतात्यांना खाटेवरून हाकललं. पुरावा काय, तर डाळिंबाच्या बागेचा हा मालक ओसरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून झोपतो. शेजारधर्म म्हणून मीही भिंतीवरून डोकावले. खुर्ची खरी, बाकी खोटं. खाट तात्यांनी स्वतःच सोडली होती. आडवं झालं की दम कोंडायचा, उठून बसलं की बरं वाटायचं. पण हे बायकोला सांगतील तर ते तात्या कसले? "खाटंला ढेकणं झाल्यात," म्हणाले. चंद्राबाईंनी खाट उन्हात टाकून उकळत्या पाण्यानं धुतली. औषधालाही ढेकूण निघाला नाही.

त्याच सुमाराला चपलांचं प्रकरण उपटलं. पुतणीच्या लग्नासाठी घेतलेल्या करकरीत चपला तात्यांच्या पायात शिरेनात. तात्यांचा निकाल तयार: चामडं आखडलं. आधी चपलांना गोडेतेल पाजलं, मग आत ओल्या चिंध्या कोंबल्या, शेवटी भिगवणला चपला शिवणाऱ्या माऊलीकडं ताणायला दिल्या. त्यानं जीव खाऊन ताणल्या, तरी आठवड्यात पुन्हा घट्ट. बागेतून घरी येतानाही तात्या आता धापा टाकत बांधावर बसायचे. कुणी विचारलं, तर म्हणायचे, "बांध बघतोय."

लग्नाच्या आदल्या दिवशी चंद्राबाई वैतागल्या. "आणा तो पाय हिकडं, पायालाच तेल चोळते." त्यांनी अंगठ्यानं दाबलं, तर कणकेत पडावा तसा नडगीवर खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी चपलांकडं बघितलं, मग खुर्चीकडं.

"चपला न्हाय आखडल्या. तुमी सुजलाय," त्या म्हणाल्या.

लग्नाऐवजी वरात बारामतीच्या दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय निकामी व्हायला लागलंय." चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, बंद नाही पडलं, दमलंय. रक्त पुढं ढकलायला त्याला ताकद पुरत नाही, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतंय. बीपीची गोळी चालू आहे ना?"

तात्या पंख्याकडं बघू लागले. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळी कधीच बंद केली होती. बीपी मात्र बंद झालं नव्हतं. त्यानंच हृदयाला राबवून थकवलं होतं.

"म्हंजी मोटार चालू हाय, पर पाणी उचलंना," तात्या म्हणाले. "मग खालच्या वावरात तुंबणारच की."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मीठ बेताचं झालं आणि लोणच्याची बरणी सुरक्षिततेसाठी माझ्या घरी आली. (सुरक्षित आहे. अर्धी आहे.) रोज सकाळी तात्या वजनकाट्यावर उभे राहतात, वजन एकाएकी चढलं की पाणी साचलं समजून डॉक्टरांना फोन. पायांतलं पाणी उतरलं, तात्या खाटेवर आडवे झाले आणि असे घोरले की सगळ्या आळीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

पुतणी माहेरपणाला आली, तेव्हा तिला भेटायला तात्या त्याच चपला घालून निघाले. चपला पुढं, पाय मागं, फटाक फटाक. मी भिंतीवरून विचारलं, "तात्या, आता चपला वाढल्या वाटतं?"

"माऊलीनं लई ताणल्या," तात्या म्हणाले, "पर तुझ्या जिभंएवढ्या न्हाय ताणता आल्या त्याला."